एकशे ऐंशीत एक: डबल मार्करच्या रिपोर्टने हादरलेल्या मैत्रिणीला

पत्र थोडक्यात असं आहे. पत्रलेखिका २९ वर्षांच्या, राहणार सोलापूर. लग्नाला तीन वर्षं झाली, हे पहिलंच बाळंतपण. नवरा सख्खा आतेभाऊ, त्यामुळे सासूबाई म्हणजे लहानपणापासूनची आत्याच. नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. तिसरा महिना संपताना डॉक्टरांनी डबल मार्कर, म्हणजे बाळात काही दोष असण्याची शक्यता सांगणारी रक्ततपासणी, करायला सांगितली. रिपोर्टवर लाल अक्षरांत ‘हाय रिस्क’ आणि डाउन सिंड्रोमपुढे (एक गुणसूत्र जास्त असल्याने बाळाची बौद्धिक वाढ मागे पडते तो दोष) १:१८० असा आकडा आला. दवाखान्यात गर्दी होती. ‘एनआयपीटी (रक्ताचीच आणखी एक तपासणी) करा, नाहीतर पोटातलं पाणी तपासू, घरी विचार करून सांगा,’ एवढंच बोलणं झालं. नणंद पुण्याहून फोनवर सांगते, तीनच महिने झालेत, आत्ताच मोकळी हो. आत्या म्हणते, या तपासण्या करायलाच नको होत्या, मी सिद्धरामेश्वराला नवस बोललेय, सगळं नीट होईल. शेजारची एक बाई म्हणाली, नात्यात लग्न केलं की असंच होतं. सुई टोचली तर बाळ जाईल या भीतीने झोप उडाली आहे. शेवटी लिहिलं आहे: ‘माझं बाळ मतिमंद आहे हे आता कळलंच आहे. ठेवू की नको, एवढंच सांगा.’ सोबत रिपोर्टचे आणि सोनोग्राफीचे फोटो आहेत.

---

तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांतलं पहिलं वाक्य आधी खोडू या. बाळाला काय आहे ते अजून कुणालाही कळलेलं नाही. तुम्हाला नाही, डॉक्टरांना नाही, आणि ज्या मशीनने तो आकडा काढला त्यालाही नाही. त्यामुळे ‘ठेवू की नको’ हा प्रश्न आज तुमच्यासमोर नाहीच. तो कधी येईल का, हे ठरायला अजून दोन-तीन पायऱ्या आहेत, आणि त्या चढायला तुमच्याकडे वेळही आहे.

१:१८० म्हणजे काय? आपलं सोलापूरचं हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृह डोळ्यांसमोर आणा. तिथे तुमच्यासारखाच रिपोर्ट हातात घेतलेल्या १८० गर्भारणी बसल्या आहेत. त्यांच्यापैकी एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम असेल, १७९ जणींच्या बाळांना नसेल. रिपोर्ट एवढंच म्हणतो. ती एक कोण, हे त्याला सांगता येत नाही. नणंदबाईंचा सल्ला त्या सगळ्या जणींनी ऐकला तर काय होईल, याचा जरा विचार करा. एका बाळासाठी १७९ बाळं जातील. नणंदबाईंना तुमची काळजी आहे, यात शंका नाही. पण चाळणीच्या, म्हणजे नुसती शक्यता सांगणाऱ्या, रिपोर्टवर गर्भपात करा असं कुठलंच वैद्यकशास्त्र सांगत नाही. डॉक्टरांनीही पुढची तपासणीच सुचवली आहे, ते उगाच नाही.

पण खोटा दिलासाही देत नाही. २९ व्या वर्षी नुसत्या वयावरून पाहिलं तर ही शक्यता साधारण हजारात एक असते. तुमचा आकडा त्याच्या साधारण साडेपाच पट आहे. बहुतेक प्रयोगशाळा १:२५० ही रेषा धरतात. शक्यता त्याहून जास्त आली की लाल अक्षरं उमटतात. म्हणून ‘काही होत नाही’ म्हणून रिपोर्ट कपाटात टाकून द्यावा असंही नाही. आत्याबाई आणि नणंदबाई दोन टोकांना उभ्या आहेत, आणि दोघींनीही रिपोर्ट वाचलेला नाही. तो आपण वाचू.

त्याआधी, तुमच्या रक्तात तपासलं काय? बाळाची गुणसूत्रं कुणी पाहिलीच नाहीत. डबल मार्करमध्ये दोन पदार्थ मोजतात: फ्री बीटा एचसीजी आणि पॅप-ए. दोन्ही पदार्थ वार (प्लॅसेंटा) तयार करते आणि ते आईच्या रक्तात उतरतात. बाळाला एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत असेल, तर या सुमाराला पहिला पदार्थ सरासरीच्या दुपटीच्या आसपास आणि दुसरा निम्म्याच्या आसपास दिसतो, असं हजारो गर्भारणींच्या तपासण्यांतून लक्षात आलं. अठराव्या गुणसूत्राचा दोष असेल तर दोन्ही कमी दिसतात. म्हणजे हा सगळा आडून लावलेला अंदाज आहे. निरोगी बाळांच्या आयांमध्येही हे आकडे वरखाली असतात, आणि दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत बरेच मिसळलेले असतात. लाल अक्षरं आली म्हणून दोष सापडला असं होत नाही, ते याचमुळे.

या तपासण्यांची सुरुवात कशी झाली तेही सांगते, कारण त्याचा तुमच्याशी संबंध आहे. अमेरिकेत एका बाईच्या बाळाला अठराव्या गुणसूत्राचा दोष निघाला. गर्भारपणात तिच्या रक्तातलं एएफपी (बाळाकडून आईच्या रक्तात येणारं एक प्रथिन) फारच कमी आलं होतं. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल का, असं तिने डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी जुन्या नोंदी काढून पाहिल्या, तर संबंध होता. १९८४ मध्ये तो शोध छापून आला, आणि आजची क्वाड्रपल मार्करसारखी तपासणी त्याच वाटेने आली. एका आईने आपला रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचला आणि प्रश्न विचारला, म्हणून हे झालं. तुम्हीही विचारा. ‘डॉक्टर रागावतील’ म्हणून गप्प बसू नका.

आता तुमचा रिपोर्ट. फोटोत वरच्या बाजूला, आकड्यांच्याही आधी, बारीक अक्षरांत तुमची माहिती छापली आहे. तिकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. आणि तुमच्या बाबतीत खरी गोष्ट तिथेच आहे.

पहिली ओळ गर्भाच्या वयाची. रक्त दिलं त्या दिवशी ‘१३ आठवडे २ दिवस’, आणि पुढे लिहिलंय ‘शेवटच्या पाळीवरून’. पण तुम्हीच लिहिलं आहे की तुमची पाळी पस्तीस-चाळीस दिवसांनी येते. त्याच आठवड्यातल्या सोनोग्राफीत बाळाची लांबी ५८ मिलिमीटर आहे, म्हणजे १२ आठवडे २ दिवस. सात दिवसांचा फरक. एरवी सात दिवसांनी काही बिघडत नाही, इथे बिघडतं. या दिवसांत पॅप-ए दर आठवड्याला झपाट्याने वाढत असतं आणि फ्री बीटा एचसीजी उतरत असतं. बारा आठवड्यांच्या गर्भाच्या आकड्यांची तुलना तेरा आठवड्यांच्या सरासरीशी केली, तर पॅप-ए उगाच कमी दिसणार आणि एचसीजी उगाच जास्त. आणि एक कमी, एक जास्त हाच डाउन सिंड्रोमचा ठसा! तारीख आठवड्याने पुढे धरली गेली तर चांगल्या बाळाचा रिपोर्टही त्या बाजूला झुकतो.

दुसरी ओळ वजनाची. रिपोर्टवर ५५ किलो आहे. पत्रात तुम्ही लिहिता, ‘लॅबवाल्याने फोनवर विचारलं, मी लग्नातलं वजन सांगितलं, आता ६८ आहे.’ बाईचं वजन जास्त असेल तर तोच पदार्थ जास्त रक्तात पसरतो आणि पातळी कमी भासते. म्हणून मशीन वजन धरून हिशेब दुरुस्त करतं. वजनच चुकीचं दिलं तर दुरुस्तीही चुकते. मधुमेह, जुळी बाळं, टेस्ट ट्यूबने राहिलेले दिवस, तंबाखू-सिगारेट, हे सगळंही त्या फॉर्मवर खरं खरं असावं लागतं.

तिसरी ओळ कोरी आहे. ‘एनटी’ असं लिहून पुढे नुसती रेघ. बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी म्हणजे एनटी. तुमच्या सोनोग्राफीत ती १.४ मिलिमीटर मोजलेली आहे आणि नाकाचं हाडही दिसलं आहे. दोन्ही गोष्टी चांगल्या. पण सोनोग्राफीचा कागद तुमच्या पिशवीत राहिला आणि रक्त लॅबमध्ये एकटंच गेलं. रक्त आणि एनटी एकत्र धरलं तर डाउन सिंड्रोमची दहापैकी जवळपास नऊ बाळं लक्षात येतात. नुसत्या रक्तावर हिशेब केला तर सहाच्या आसपास. तुमचा १:१८० हा असा अर्ध्या माहितीवरचा आकडा आहे.

म्हणून सगळ्यात पहिलं काम: डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या आणि लॅबला सांगा की सोनोग्राफीवरून काढलेलं वय, एनटी आणि खरं वजन धरून हिशेब पुन्हा करा. नव्याने रक्त द्यावं लागत नाही. मोजलेले मूळ आकडे त्यांच्याकडे असतात, फक्त माहिती बदलून आकडा पुन्हा काढायचा असतो. फोनवर तोंडी सांगू नका, सोनोग्राफीचा कागद दाखवा. आकडा बदलेलच अशी हमी मी देत नाही. काही वेळा दुरुस्तीनंतरही रिपोर्ट तिथेच राहतो. पण पुढचा निर्णय निदान खऱ्या माहितीवर होईल.

एक मात्र करू नका. घाबरून दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा डबल मार्कर, मग पाचव्या महिन्यात ‘खात्रीसाठी’ क्वाड्रपल मार्कर, असं चक्र सुरू करू नका. क्वाड्रपलमध्ये चार पदार्थ असतात, म्हणून ती डबलपेक्षा पक्की, असा पुष्कळांचा समज आहे. तीही चाळणीच आहे, आणि एनटीसकट केलेल्या डबल मार्करपेक्षा थोडी कमीच पकडते. ज्यांना पहिल्या तीन महिन्यांत तपासणी जमली नाही त्यांच्यासाठी ती उपयोगाची. एका चाळणीने शंका दाखवली, तर दुसऱ्या तशाच चाळणीने ती पुसली जात नाही. आकडे दोन होतात आणि गोंधळ दुप्पट.

दुरुस्त आकडाही रेषेच्या वरच राहिला, तर पुढे दोन वाटा आहेत.

एक एनआयपीटी. यातही तुमच्या दंडातूनच रक्त घेतात. वारेच्या पेशींमधले डीएनएचे तुकडे आईच्या रक्तात तरंगत असतात, ते मोजून एकविसाव्या गुणसूत्राचे तुकडे जास्त आहेत का ते पाहतात. डाउन सिंड्रोमची शंभरपैकी नव्याण्णव बाळं यात लक्षात येतात, आणि निरोगी बाळावर चुकून ठपका पडण्याचं प्रमाण हजारात एखादं. नमुना इथून बाहेरच्या लॅबला जातो, त्यामुळे निव्वळ रक्त द्यायला पुण्याला जायची गरज पडू नये. खर्च डबल मार्करच्या कितीतरी पट, आणि तुमच्या घरात हा आकडा लहान नाही, हे मला कळतं. म्हणूनच आधी हिशेब दुरुस्त करून घ्या म्हणते. तो फुकट किंवा फुकटासारखाच असतो. एनआयपीटी नीट आली तर डाउन सिंड्रोमची धास्ती जवळपास संपते. दोष दाखवला तरी ते पक्कं निदान नसतं. तपासलेला डीएनए वारेचा असतो, आणि क्वचित वारेत दोष असून बाळात नसतो. एनआयपीटी वाईट आली म्हणून त्यावरच थेट गर्भपात करायचा नाही, हे आत्ताच मनात पक्कं करा. कधी कधी डीएनए पुरेसा मिळत नाही आणि उत्तरच येत नाही, तेव्हाही घाबरून जाऊ नका.

दुसरी वाट म्हणजे पाणी तपासणं, अ‍ॅम्निओसेंटेसिस. पक्कं उत्तर याच वाटेने मिळतं. वारेचा बारीक तुकडा घेऊनही तपासणी होते, पण ती अकरा ते चौदा आठवड्यांत करतात आणि तुमचे ते दिवस आता सरत आले आहेत. पाणी सोळाव्या आठवड्यापासून काढता येतं. तुम्हाला सुईचीच भीती आहे, म्हणून सगळं सांगते. सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळ आणि सुईचं टोक दोन्ही दिसत असताना पोटावरून एक बारीक, लांब सुई आत नेतात. बाळापासून लांब, जिथे पाणी जास्त दिसतं तिथून पंधरा-वीस मिलिलिटर पाणी घेतात. मिनिटा-दोन मिनिटांचं काम. इंजेक्शनएवढं दुखतं, थोडं पोट आवळल्यासारखं वाटतं. त्या पाण्यात बाळाच्या अंगाच्या सुटलेल्या पेशी असतात, तपासणी त्यांची होते. बाळ जाण्याचा धोका आहे, नाही असं नाही. पण सरावाच्या हातात तो अर्ध्या टक्क्याहून कमी आहे. म्हणून ‘तुम्ही वर्षाला किती करता?’ असं डॉक्टरांना खुशाल विचारा. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर त्यानंतर अँटी-डीचं इंजेक्शन लागतं, आठवण ठेवा. घाईचं उत्तर तीन-चार दिवसांत मिळतं. सगळ्या गुणसूत्रांचा पूर्ण रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागतात, कारण पेशी आधी वाढवाव्या लागतात.

इथे, सिव्हिलमध्ये किंवा खासगीत, हे कोण करतं ते आधी विचारा. पुण्याला जावं लागलं तर सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन रात्री परत येता येतं. पण त्या दिवशी तसं करू नका, नणंदेकडे एक रात्र राहा. त्यांनाही तुमच्यासोबत डॉक्टरांसमोर बसवा. फोनवरचा सल्ला आणि समोर बसून ऐकलेली माहिती यात फार फरक पडतो.

कायद्याचंही दोन शब्दांत सांगते. ही तपासणी गर्भलिंगनिदान विरोधी कायद्याखाली नोंदणी असलेल्या केंद्रातच होते, आणि त्यासाठी तुमची लेखी संमती लागते. मुलगा की मुलगी हे कुणी सांगणार नाही, विचारूही नका. या बाबतीत देशात पहिला कायदा १९८८ मध्ये आपल्या महाराष्ट्राने केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. गर्भपाताचा १९७१ चा कायदा २०२१ मध्ये सुधारला. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत लागतं, वीस ते चोवीसच्या दरम्यान ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांचं, आणि बाळात गंभीर दोष असल्याचं वैद्यकीय मंडळाने ठरवलं तर चोवीसनंतरही परवानगी मिळू शकते. सोळाव्या आठवड्यात पाणी काढलं तरी उत्तर वीसच्या आत हातात असतं. म्हणजे ‘आत्ताच, नाहीतर उशीर होईल’ हे खरं नाही. आणखी एक गोष्ट घरात सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगा: सज्ञान बाईच्या गर्भपाताला फक्त तिची संमती लागते. नवऱ्याची, सासूची, कुणाचीच सही लागत नाही. आणि तिच्या संमतीशिवाय कुणी तो करूही शकत नाही.

शेजारणीच्या बोलण्याने तुम्ही किती दुखावल्या आहात, ते पत्रात ओळीओळीतून दिसतं. नात्यातलं लग्न आणि डाउन सिंड्रोम यांचा संबंध नाही. आपल्याकडे सोलापूर भागात मराठी, तेलुगू, कानडी अशा कितीतरी घरांत मामाच्या, आत्याच्या घरी मुली दिल्या जातात, आणि प्रत्येक आजारी मुलाचं खापर त्यावरच फोडलं जातं. डाउन सिंड्रोममध्ये शंभरातल्या पंचाण्णव वेळा बीज तयार होतानाच गुणसूत्रांची वाटणी चुकते. ती पिढीजात नसते. तुम्ही पपई खाल्ली, गाडीवर बसलात, ग्रहणात भाजी चिरली, याचाही काही संबंध नाही. तीन-चार टक्क्यांत गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला चिकटलेला असतो. तसं निघालं तरच आई-बापांची तपासणी लागते. आणि ‘माझं वय तर २९, मग मला कसं?’ असं तुम्ही विचारलंय. वय वाढेल तशी शक्यता वाढते हे खरं, पण डाउन सिंड्रोमची बहुतेक बाळं पस्तिशीच्या आतल्या आयांचीच असतात, कारण बाळंतपणं त्याच वयात जास्त होतात.

नात्यातल्या लग्नात वेगळ्या आजारांचा धोका मात्र वाढतो, आणि त्याबद्दल तुम्हाला कुणी काही बोललेलं दिसत नाही. एकच सदोष जनुक दोघांकडे असेल तर बाळात आजार उतरू शकतो, थॅलेसेमिया हे त्याचं नेहमीचं उदाहरण. तुमची आणि नवऱ्याची हिमोग्लोबिनची एचपीएलसी तपासणी झाली नसेल, तर ती या आठवड्यातच करून घ्या. साधी रक्ततपासणी आहे, आणि हा प्रश्न तुमच्या घराला डाउन सिंड्रोमपेक्षा जास्त लागू पडतो.

आता सगळ्यांत अवघड भाग. समजा, पाण्याच्या तपासणीत डाउन सिंड्रोम निघालाच. तेव्हा काय करायचं, यावर मी मत देणार नाही, आणि दुसऱ्या कुणी दिलं तर तेही लगेच उचलू नका. आधी कल्पना नीट करून घ्या. अशी मुलं सावकाश शिकतात, आणि प्रत्येकाची झेप वेगळी असते. कुणी शाळेत जाऊन, काम शिकून बरंचसं आपलं आपण करतं, कुणाला जन्मभर सोबत लागते. जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयात दोष असतो, त्यातले बरेच शस्त्रक्रियेने सुधारतात. थायरॉईड, ऐकू येणं, डोळे यांवर लक्ष ठेवावं लागतं. चांगले उपचार मिळतात त्या देशांत ही माणसं साठीपर्यंत जगतात. आपल्याकडे सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाउन सिंड्रोमचा समावेश आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बौद्धिक दिव्यांगत्वाला हक्क आणि सवलती आहेत. कागदावरची मदत आणि हातात पडणारी मदत यातलं अंतर तुम्हालाही ठाऊक आहे, मी ते लपवत नाही. एखाद्या बालरोगतज्ज्ञांना सांगून असं मूल वाढवणाऱ्या घरी तासभर बसून या. दोघंही जा. त्यांचे कष्ट बघा, त्या मुलालाही बघा. मग काय ठरवायचं ते तुम्ही दोघांनी ठरवा. बाळ ठेवणारी बाई शूर आणि न ठेवणारी निर्दय, किंवा याच्या उलट, असं मी मानत नाही. पूर्ण माहिती घेऊन, कुणाच्या दडपणाखाली न येता तुम्ही जो निर्णय घ्याल, त्याच्या मागे मी उभी आहे.

पाणी तपासायचंच नाही, असंही तुम्ही ठरवू शकता. ‘काहीही निघालं तरी बाळ हवंच आहे’ असं दोघांच्या मनात पक्कं असेल, तर सुईचा धोका घ्यायचं बंधन नाही. काही जोडप्यांना आधी कळलेलं बरं वाटतं, जन्माची तयारी करता येते. काहींना उरलेले महिने शांततेत काढायचे असतात. ज्यांची डबल मार्कर अजून व्हायची आहे अशा वाचक मैत्रिणींनी हा प्रश्न रक्त द्यायच्या आधीच नवऱ्याशी बोलून घ्यावा: आकडा वाईट आला तर आपण पुढे जाणार आहोत का? ही तपासणी सक्तीची नाही. ‘लो रिस्क’ आलेल्यांनीही लक्षात ठेवावं की शक्यता कमी झाली, संपली नाही. आणि रक्त द्यायला जाताना सोनोग्राफीचा कागद सोबत न्यावा, वजन तिथल्या काट्यावर करून घ्यावं.

आत्याबाईंशी भांडू नका. त्या तुमच्या सासूबाई होण्याआधी तुमच्या आत्या आहेत, आणि त्यांच्या नवसातही बाळाची काळजीच आहे. त्यांना सांगा, ‘आत्या, नवस तुझा, तपासणी माझी. दोन्ही चालू दे.’ तपासणी करायला नको होती असं त्या पुन्हा म्हणाल्या तर १८० बायकांचा हिशेब त्यांनाही समजावून सांगा. आकडा ऐकून घाबरलेलं माणूस बहुधा तपासणीवरच रागावतं.

राहता राहिला पॅप-ए. रिपोर्टवर तो सरासरीच्या ०.३९ पट आहे. तारीख आणि वजन दुरुस्त केल्यावर कदाचित वर येईल. तरीही ०.४ च्या खालीच राहिला आणि गुणसूत्रं नीट निघाली, तरी ते डॉक्टरांच्या लक्षात आणून द्या. वार जरा कमजोर असेल तर पुढे बाळाची वाढ मागे पडण्याचा आणि आईचं बीपी चढण्याचा धोका थोडा वाढतो. अशा वेळी काही जणींना डॉक्टर रोज कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन सुरू करतात, आणि ती सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू केली तरच तिचा नीट उपयोग होतो. स्वतःच्या मनाने घेऊ नका, पण विचारायला उशीरही करू नका. सोनोग्राफीवरून तुम्हाला आत्ता चौदावा आठवडा लागत असेल. त्यामुळे एनआयपीटीचं ठरो न ठरो, हा प्रश्न येत्या भेटीतच विचारा. बाकी सगळे रिपोर्ट चांगले आले तरी अठरा ते वीस आठवड्यांमधली बाळाच्या अवयवांची सोनोग्राफी चुकवू नका. हृदयाची रचना तिथेच दिसते, ती कुठल्याच मार्करमध्ये कळत नाही.